मुलाच्या शाळाप्रवेशासाठी 'वडिलांची सही' बंधनकारक आहे का? एकट्या आईने कोणत्या नियमाचा आधार घ्यावा?

प्रश्न (एक आई, सातारा जिल्हा)

नमस्कार. माझा मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे. गेली काही वर्षे मी त्याला घेऊन माहेरी, एका तालुक्याच्या गावी राहत आहे. पतीशी घटस्फोट झालेला नाही, न्यायालयात कोणताही दावा चालू नाही, आणि पती मुलाची विचारपूसही करीत नाहीत. मुलाचे खाणेपिणे, औषधपाणी, बालवाडीची फी हे सारे मी शिवणकामावर आणि एका पतसंस्थेतील अर्धवेळ नोकरीवर भागवते. कोणाची कणव यावी म्हणून हे लिहीत नाही. माझा प्रश्न नेमका कोणत्या परिस्थितीतला आहे, हे जाणकारांना कळावे एवढाच हेतू आहे.

शाळेच्या छापील प्रवेश अर्जात 'वडिलांचे/पालकाचे नाव' असा एकच रकाना आहे आणि अर्जाच्या शेवटी 'वडिलांची सही' असे छापलेले आहे. तेथे मी माझी सही केली. लिपिकाने माझ्या सहीभोवती पेन्सिलीने गोल काढला, अर्ज माझ्याकडे परत सरकवला आणि "वडिलांना घेऊन या, नाहीतर कोर्टाचा कागद आणा," असे सांगितले. नवरा कुठे असतो, वेगळे राहण्याचे कारण काय, हे प्रश्नही रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले गेले. मुलगा माझा हात धरून शेजारीच उभा होता. घरी आल्यावर त्याने माझ्या वडिलांना विचारले, "आबा, माझा फॉर्म चुकला का?"

दुसरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची आहे. सेवा केंद्रात शिधापत्रिका मागितली गेली. माझे आणि मुलाचे नाव अजून सासरच्या शिधापत्रिकेवर आहे. माहेरच्या पत्रिकेत नाव चढवायचे तर आधी सासरकडील 'नाव कमी केल्याचा दाखला' लागतो, आणि त्यासाठी सासऱ्यांनी अर्ज करायला हवा, असे मला सांगितले गेले. सासरे अर्ज करणार नाहीत, हे त्यांनी स्पष्ट कळवले आहे. म्हणजे ज्या घराने मुलाची जबाबदारी घेतलेली नाही, त्याच घराच्या संमतीवाचून मुलाचे एकही काम पुढे सरकत नाही.

मूल शाळेत घालायला एकटे वडील आले, तर त्यांना "आईची सही आणा" असे कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. म्हणून विचारते: आईची एकटीची सही कायद्याने पुरेशी आहे की नाही? न्यायालयाचा आदेश खरोखर लागतो का? आणि तोंडी नकार मिळाला, तर पुढे काय करावे?

उत्तर १ (निवृत्त मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा)

ताई, शाळेपुरते बोलायचे तर तुमची सही पुरेशी आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मध्ये पालकाची व्याख्या दिलेली आहे. तीनुसार बालकाचे नैसर्गिक, सावत्र किंवा दत्तक वडील अथवा आई यांपैकी कोणीही पालक ठरते. दोघांनी मिळून सही करावी अशी अट तेथे नाही आणि वडिलांना अग्रक्रमही दिलेला नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १० ने मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले आहे. ज्या आईवर कायद्याने हे कर्तव्य टाकले, तिचीच सही चालणार नाही असे शाळेने म्हणणे कोणत्याच तर्कात बसत नाही.

आमच्या शाळेत ऊसतोड कामगारांची मुले असत. दसरा-दिवाळी झाली की आईवडील दोघेही कारखान्याच्या पट्ट्यात जात आणि मूल आजीजवळ राही. अशा वेळी मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती म्हणून आजीचा अंगठा घेऊन आम्ही प्रवेश देत होतो, आणि केंद्रप्रमुखांनी किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. मुलाची काळजी व ताबा जिच्याकडे आहे अशी व्यक्ती, असाच 'गार्डियन'चा अर्थ याच अधिनियमात दिलेला आहे. जेथे आजीचा अंगठा चालतो, तेथे जन्मदात्या आईची सही अडण्याचे कारण नाही.

प्रवेशाच्या वेळी शाळेने पाहायचे ते मुलाचे वय, त्याचे नाव आणि राहण्याचे ठिकाण. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. उद्या तुम्हाला गाव बदलावे लागले आणि जुन्या शाळेचा दाखला मिळायला वेळ लागला, तर तेवढ्या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेला मुलाचा प्रवेश लांबवता येत नाही, हे कलम ५ मध्ये आहे. पतिपत्नी वेगळे का राहतात, हा प्रश्न या साऱ्यात कोठेच येत नाही. तो विचारण्याचा अधिकार लिपिकाला नाही आणि मुख्याध्यापकालाही नाही. मुलासमोर, रांगेसमोर तो विचारणे तर अत्यंत अनुचित आहे, आणि एक शिक्षक म्हणून मला त्याचे मनापासून वाईट वाटते. कित्येक शाळांतून आजही जुन्याच नमुन्यावरून छापलेले अर्ज वापरले जातात आणि लिपिक त्या छापील मजकुरालाच नियम समजून बसतो, असा माझा अनुभव आहे. 'वडिलांची सही' या ओळीच्या वर तुम्ही स्वच्छ अक्षरात 'आई व पालक' असे लिहून सही करावी.

एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्या. पहिलीत प्रवेश घेताना जनरल रजिस्टरला जे नाव, जी जन्मतारीख आणि जी जात लागते, तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते आणि दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते. नंतर दुरुस्ती करायची म्हटले की शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेण्यासाठी हेलपाटे सुरू होतात. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच नोंद डोळ्यांखालून घाला. आईच्या नावाचा रकाना रजिस्टरला असतो. तो भरला आहे की नाही, हेही पाहा.

उत्तर २ (वकील, जिल्हा न्यायालय)

ताई, सरांनी शाळेपुरते अचूक सांगितले आहे. पालकत्वाचा व्यापक कायदा काय आहे, ते मी लिहिते, कारण बँक, टपाल कार्यालय, पारपत्र अशा प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न तुमच्यापुढे पुन्हा येणार आहे.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचा आणि त्यांच्या पश्चात आईचा उल्लेख आहे. अनेक कार्यालयांत आजही या तरतुदीचा अर्थ वडील हयात असेपर्यंत आईला अधिकार नाही, असाच लावला जातो. तो अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या प्रकरणात बाजूला सारला. अज्ञान मुलाच्या नावाने रोखे घेण्यासाठी आईने केलेला अर्ज त्या प्रकरणात स्वीकारला गेला नव्हता. वडील हयात असले तरी मुलाचा सांभाळ प्रत्यक्षात आईकडेच असेल, वडील मुलाबाबत पूर्णपणे उदासीन असतील किंवा उभयतांच्या समजुतीने आई सर्व पाहत असेल, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते, असे न्यायालयाने सांगितले. तुमची परिस्थिती नेमकी हीच आहे. त्यामुळे शाळाप्रवेशासाठी 'कोर्टाचा कागद' मागण्यास कोणताही आधार नाही.

अविवाहित मातांच्या संदर्भात ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. एकल पालकाने किंवा अविवाहित मातेने आपल्या पोटच्या मुलाच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज केला, तर अधिकाऱ्यांनी तिच्याकडून केवळ प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि दाखला द्यावा, असा त्यात निर्देश आहे. तुमच्याकडे जन्मदाखला असल्याने तो निकाल तुम्हाला थेट लागत नाही. परंतु येथे वाचणाऱ्या एखाद्या भगिनीला तो लागू शकेल. पारपत्राच्या नियमांत डिसेंबर २०१६ मध्ये बदल झाला आणि अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव देण्याची मुभा मिळाली. मुलाच्या पारपत्रासाठी दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल, तर तसे विहित नमुन्यातील घोषणापत्र देता येते. पॅन कार्डाच्या बाबतीतही आई एकल पालक असल्यास ५ डिसेंबर २०१८ पासून वडिलांच्या नावाची सक्ती राहिलेली नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. या निकालांनी आईचा अधिकार मान्य केला आहे. वडिलांचा अधिकार काढून घेतलेला नाही. तुमच्या पतीने उद्या मुलाच्या ताब्यासाठी अर्ज केला, तर तो प्रश्न कुटुंब न्यायालयात किंवा जिल्हा न्यायालयातच सुटेल, आणि तेव्हा मुलाचे हित कशात आहे हेच प्रामुख्याने पाहिले जाईल. त्या दृष्टीने फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, लसीकरणाचे कार्ड असे सारे आतापासून एका फाईलमध्ये जपून ठेवा. वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते.

तोंडी नकाराबाबत माझा सल्ला असा की, अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का व आवक क्रमांकासह पोच घ्यावी. लिपिकाने अर्ज घेतला नाही, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने मुख्याध्यापकांना आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. त्यात अर्जाची पोच देणे, ठरलेल्या मुदतीत सेवा देणे आणि नाकारायची असल्यास लेखी कारण देणे बंधनकारक आहे. नाकारल्यास प्रथम अपील व द्वितीय अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "तुमचे काम होणार नाही" असे तोंडाने सांगणे सोपे असते. तेच सही करून लिहून द्यायचे म्हटले की नियम कोणता, हे आधी शोधावे लागते.

उत्तर ३ (महसूल खात्यातील निवृत्त अव्वल कारकून)

शिधापत्रिकेची अडचण खरी आहे आणि माझ्या सेवाकाळात तिने अडलेल्या अनेक लेकी मी टेबलापलीकडे उभ्या पाहिल्या आहेत. सदस्यांची नावे आधार क्रमांकाशी जोडलेली असल्याने एक नाव दोन पत्रिकांवर चढत नाही, म्हणून आधी कमी करा असे सांगितले जाते. पण ते सासऱ्यांच्या इच्छेवर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. सासर ज्या तालुक्यात आहे, तेथील तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेकडे तुम्ही स्वतः लेखी अर्ज करा. पत्रिकेचा क्रमांक, तुमचा व मुलाचा आधार क्रमांक आणि माहेरी राहत असल्याचा पुरावा जोडा, आणि प्रत्यक्ष वास्तव्याची चौकशी करून नावे कमी करावीत, अशी मागणी करा. त्या अर्जाची पोच माहेरच्या तालुक्यातील अर्जाला जोडा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ ने घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेपुरते कुटुंबप्रमुख मानले आहे. ज्या कायद्याने स्त्रीला हा मान दिला, त्याच कायद्याखालच्या पत्रिकेसाठी तिला सासऱ्यांची मनधरणी करायला लावणे योग्य नव्हे.

शिवाय उत्पन्नाच्या दाखल्यासाठी शिधापत्रिका हा एकमेव पुरावा नाही. आपले सरकार पोर्टलवरील यादी बारकाईने वाचा. ओळखीच्या आणि पत्त्याच्या पुराव्यांपुढे 'यापैकी कोणताही एक' असे लिहिलेले आहे. यादी न पाहता सगळेच मागायची सवय सेवा केंद्रांना लागलेली असते. या दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक आणायला सांगितले, तर २००४ पासून त्यावरील मुद्रांक शुल्क माफ आहे, हेही लक्षात असू द्या.

वकील मॅडमशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. पहिल्याच भेटीत कलमे पुढे केली, तर खालचा कर्मचारी घाबरतो आणि आणखी एखादा कागद मागून स्वतःला सुरक्षित करून घेतो. चौकशी झाली तर जबाब आपल्यालाच द्यावा लागेल, ही त्याची भीती असते. दुष्टावा क्वचितच असतो. म्हणून आधी मुख्याध्यापकांना किंवा नायब तहसीलदारांना शांतपणे भेटा, आणि तेथेही दाद मिळाली नाही तरच अपिलाची भाषा करा.

मुलाला जातीचा दाखला लागणार असेल, तर त्याची तयारी मात्र आजच सुरू करा. तेथे वडिलांकडचे पुरावे लागतात आणि ते जुने असावे लागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहतात. सासरच्या माणसांनी कागद दिले नाहीत, तरी मुलाचे आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत शिकले, तेथील प्रवेश निर्गम उताऱ्यासाठी आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातील कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकलेसाठी तुम्ही मुलाची आई म्हणून अर्ज करू शकता. मूळ नोंद सासरच्या कपाटात नसते, ती सरकारी दप्तरात असते.

उत्तर ४ (एकल महिलांसोबत काम करणारी कार्यकर्ती, मराठवाडा)

भाऊसाहेबांचे शांतपणे भेटण्याचे म्हणणे मला मान्य आहे, पण भेटायला जातानाही अर्ज लिहिलेला असावा आणि सोबत एक माणूस असावे. एकट्या बाईला जे प्रश्न विचारले जातात, ते सोबत भाऊ किंवा शेजारीण उभी असली की विचारले जात नाहीत, हे आम्ही गावोगाव पाहतो. हे असे असू नये. पण आज ते तसे आहे. आणि मुलाला त्या खिडकीशी नेऊ नका. प्रवेशाचा कागद पुरा करण्यासाठी त्याने तेथे उभे राहण्याची गरज नसते.

ताई, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची माहिती तुम्हाला दिली गेली आहे का? ज्या मुलांचा सांभाळ एकच पालक करतो, त्यांना तीमधून महिना २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि बालकल्याण समिती मंजुरी देते. विधवा भगिनींना पतीचा मृत्यूदाखला जोडून अर्ज करता येतो. सोडून दिलेल्या बाईकडे तसा एकच ठोस कागद नसतो, म्हणून तिची फाईल मागे राहते. तुमच्याबाबत गृहचौकशी होईल, तेव्हा वकील मॅडमनी सांगितलेली फाईल तेथेही उपयोगी पडेल.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. अर्ज लिहायला घेतला आहे आणि सोमवारी भाऊ सोबत येणार आहे. दोन गोष्टी राहिल्या. मुलाच्या नावात वडिलांचे नाव ठेवावे की नाही, याबद्दल घरात दोन मते आहेत. आणि माझी खरी भीती अशी आहे की, मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर सासरचे कोणी परस्पर शाळेत येऊन त्याला किंवा त्याचा दाखला घेऊन गेले, तर मी काय करावे?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक)

नाव जन्मदाखल्यावर जसे आहे, अक्षरशः तसेच लावा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य शासनाने ठरवला आहे. तुमच्या मुलाचा जन्म त्याआधीचा असल्याने तो त्याला लागू नाही. आज शाळेत एक आणि जन्मदाखल्यावर दुसरे नाव झाले, तर त्याचा त्रास पुढे मुलालाच होईल. पालक म्हणून नाव, मोबाईल क्रमांक आणि पत्ता मात्र तुमचाच द्या.

दुसऱ्या प्रश्नासाठी प्रवेश अर्जासोबतच मुख्याध्यापकांच्या नावे वेगळे पत्र द्या. शाळा सुटल्यावर मुलाला कोणाकडे सोपवायचे, त्या दोन-तीन माणसांची नावे त्यात लिहा आणि त्यांची छायाचित्रे जोडा. तुमच्या लेखी अर्जाशिवाय दाखला देऊ नये आणि दुसऱ्या कोणी मागणी केल्यास त्याच दिवशी तुम्हाला कळवावे, एवढी विनंती करा. वर्गशिक्षिकेला त्याची एक प्रत स्वतः नेऊन द्या, कारण मुख्याध्यापक बैठकीला गेलेले असतात तेव्हा दाराशी त्याच असतात.

उत्तर (वकील, जिल्हा न्यायालय)

सरांच्या पत्राला माझी एक पुस्ती. ते पत्र शाळेला सावध करील, पण वडील स्वतः येऊन उभे राहिले, तर न्यायालयाच्या आदेशाविना शाळा त्यांना किती काळ थांबवू शकेल, हे सांगता येत नाही. सासरकडून तसे बोलणे प्रत्यक्ष झालेले असेल, तर तालुका विधी सेवा समितीत जाऊन ताब्याबाबतचा अर्ज जून उजाडण्यापूर्वीच दाखल करावा. केवळ मनातली भीती असेल, तर तूर्त पत्र पुरे. १५१०० हा विधी सेवेचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. सोमवारी शाळेत अडचण आली, तर तेथूनच लावा.